सतरा नमो मरिया

शाळेत मी मुद्दाम कधी नापास झालो नाही, आपोआपच होत होतो. मुद्दाम कमी गुण पाडले ते थेट सव्विसाव्या वर्षी, युरोपातल्या एका लहानशा देशात, क्लबच्या डॉक्टरसमोर बसून. त्यासाठी मी चांगली तयारीसुद्धा केली होती.

मी तिथे दुसऱ्या विभागातल्या फुटबॉल संघात मिडफिल्डला खेळायचो. हंगाम सुरू होण्याआधी, जुलैत, प्रत्येक खेळाडूच्या डोक्याची चाचणी घेतात. कॉम्प्युटरवर वीसेक शब्द दाखवतात आणि थोड्या वेळाने विचारतात, यातले कोणते होते सांग. रंग बदलला की बटण दाबायचं, आकार लक्षात ठेवायचे. तुमचं डोकं ठणठणीत असताना कसं चालतं, याचा एक आकडा त्यातून निघतो. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला तर हीच चाचणी पुन्हा होते आणि आकडा घसरला असेल तर बाकावर बसायचं.

संघातला एक जुना बचावपटू बुटाच्या नाड्या बांधता बांधता मला म्हणाला, "ऐंशी येत असतील तर पासष्ट आण. फार चुकू नकोस, मशीनला कळतं. इथे सगळे हेच करतात."

माझा करार एका वर्षाचा होता. बाकावरच्या मिडफिल्डरला कोणी पुन्हा करार देत नाही. शिवाय आमच्या गावात, सांडोरच्या नाक्यावर माझ्या अभिनंदनाचा फलक लागला होता. त्यात माझ्यापेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा होता, पण लागला होता. फादरनी चर्चमध्ये रविवारचा मिस्सा संपल्यावर माझं नाव घेतलं होतं. आता परत गेलो तर हे सगळे लोक मला रोज भेटणार, याची मला धडकी भरायची. म्हणून मी विचार करकरून, मोजून मापून चुका केल्या. पासष्टच आले. स्वतःवर इतका खूश मी गोल मारूनही झालो नव्हतो.

नोव्हेंबरअखेर एका सामन्यात उंच चेंडूसाठी मी आणि समोरच्या एकाने एकदमच उडी मारली. त्याचं डोकं माझ्या कानशिलावर आदळलं. मी बेशुद्ध वगैरे पडलो नाही, लगेच उठून अंगठा दाखवला. पुढची वीस मिनिटं खेळलोही म्हणे. त्यात दोनदा चेंडू सरळ समोरच्या संघाला दिला, असं नंतर कळलं. मला त्यातलं काहीच आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतल्या वॉशिंग मशीनपुढे साबणाची पुडी हातात घेऊन उभा राहिलो आणि हिचं काय करायचं असतं ते मला सुचेना. किती वेळ उभा होतो कोण जाणे. पायातला चेंडू कोणी काढून घेतला तर त्याच्यामागे धावता येतं. इथे कोणामागे धावायचं तेच कळत नव्हतं. मी खूप घाबरलो.

डॉक्टरने चाचणी घेतली. या वेळी मी जीव तोडून, अगदी इमानदारीत दिली. शब्द ओठातल्या ओठात घोकले, बटणावर बोट रोखून बसलो. घामाने बनियन भिजलं. निकाल बघून डॉक्टर हसला आणि म्हणाला, "पासष्ट. जुलैइतकेच. शनिवारी खेळ." मीही हसलो, त्याचा हात हातात घेतला आणि बाहेर पडलो. जुलैत मी पंधरा गुण हाताने टाकून दिले होते. आता ते हात न लावता गेले होते, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

त्यानंतर मी तीन सामने खेळलो. मिडफिल्डरने चेंडू पायात येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते बघून ठेवायचं असतं. हे मला कोणा कोचने शिकवलं नाही. सांडोरला आमच्या मैदानाच्या एका अंगाला बावखल आहे, पावसाचं पाणी साठवायचा मोठा खड्डा. लहानपणी मागे न बघता दोनदा त्यात पडलो आणि मान आपोआप वळायला लागली. आता मान तशीच वळत होती, पण बघितलेलं चेंडू येईपर्यंत टिकत नव्हतं. बरेच जण मनगटाच्या पट्टीवर देवाचं नाहीतर बायकोचं नाव लिहितात. मी लिहायचो, 'आधी डावीकडे'. उंच चेंडूला मी मुद्दाम अर्धं पाऊल उशिरा पोचायचो. कोच म्हणाला, हल्ली तुझ्या खेळात शांतपणा आलाय.

नाताळच्या सुट्टीत दहा दिवसांसाठी घरी आलो. कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी आईने मला स्कूटरवर अर्नाळ्याला पाठवलं. तिथे तिचं माहेर आहे, मामाने मासळी काढून ठेवली होती. मी निघालो आणि भानावर आलो तेव्हा अर्नाळ्याऐवजी कळंबच्या किनाऱ्यावर उभा होतो, हातात रिकामी पिशवी. पिशवी कशासाठी आणली ते आठवेना. आजूबाजूला लोक वाळूत फोटो काढत होते. घरी सांगितलं, समुद्र बघायला गेलो होतो.

पप्पा म्हणाले, "समुद्र बघायला आपल्याला कधीपासून पेट्रोल लागायला लागलं?" ताई खो खो हसली. ती सासरहून नाताळला आली होती. मीही हसलो. हसण्यात मी तोवर तरबेज झालो होतो.

आमच्या घरी रोज संध्याकाळी सातला रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, होते. प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या दहा नमो मरिया म्हणायच्या, अर्धी प्रार्थना सांगणाऱ्याने आणि उरलेली बाकीच्यांनी. दहा झाल्या की सांगणाऱ्याने 'गौरव असो' म्हणायचं आणि पुढच्याची पाळी. जपमाळ फक्त आईच्या हातात. मी लहानपणी इतक्या जपमाळा हरवल्या की पप्पांनी सांगितलं, तू बोटांवर मोज, बोटं तरी हरवणार नाहीत. ताई आणि मी आकड्यावरून भांडायचो म्हणून त्यांनी आणखी एक नियम केला होता: जो सांगतोय त्याला मध्ये कोणीही टोकायचं नाही. सात वर्षांचा असल्यापासून मी हे करत आलो होतो. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतंच.

त्या संध्याकाळी माझी पाळी आली. मी सुरू केलं. मी अर्धं म्हणायचो, ते उरलेलं म्हणायचे. कित्येक आठवड्यांनी मला बरं वाटत होतं, डोकं हलकं झालं होतं. मग ताईने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. पप्पांचा आवाज बारीक होत गेला. मला वाटलं थकले असतील. माझ्या हिशेबाने सहावी नाहीतर सातवी चालू होती. तेवढ्यात आई, जिने जन्मात कोणाला टोकलं नव्हतं, स्वतःच 'गौरव असो' म्हणाली.

प्रार्थना संपल्यावर तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"सतरा झाल्या," ती म्हणाली.

"काय सतरा?"

"सतरा नमो मरिया. मी म्हटलं, आता थांबशील, मग थांबशील. तू थांबतच नाय."

"बरं झालं की. जास्तीचं पुण्य."

ती हसली नाही. "डोक्याला काय लागलंय तुझ्या?"

तिला मी मार बसल्याचं सांगितलं नव्हतं. तो सामना इथे कोणी बघितलाही नव्हता. मी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. साबणाची पुडी, कळंब, मनगटावरची पट्टी, आणि शेवटी जुलैची चाचणीसुद्धा. बोलताना मी रडत होतो. तिला कॉम्प्युटरमधलं फार कळलं नसेल, पण खोटं तिला बरोबर कळलं.

"म्हंजे डाक्टरला तू खोटा आकडा दिलास," ती म्हणाली. "आनि खरा किती होता, ते आता तुला पन ठाव नाय."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरला फोन केला. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "आता तू बरा झालास हे मी कशावरून ठरवू?" त्या हंगामात त्यांनी मला पुन्हा मैदानात उतरवलं नाही आणि करार उन्हाळ्यात संपला.

नाक्यावरचा फलक कधीच गेलाय, तिथे आता दुसऱ्या कोणाचा वाढदिवस आहे. मी घरीच असतो. इथल्या डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत. सकाळी पप्पांबरोबर केळीच्या वाडीत जातो, संध्याकाळी रोझरी सांगतो. ती आता माझी चाचणी झाली होती आणि मी ती रोज पास होत होतो. गेले चार महिने एकदाही चूक नाही, बरोबर दहावर थांबायचो. गेल्या आठवड्यात मनाचा हिय्या करून इथल्या एका क्लबला फोन केला, भेटायला येऊ का म्हणून. ते म्हणाले, ये.

त्याच आठवड्यात आई दोन दिवस अर्नाळ्याला गेली. संध्याकाळी मी आणि पप्पा दोघेच बसलो. मी दहा म्हटल्या, 'गौरव असो' म्हटलं आणि सहज विचारलं, "बरोबर ना?"

पप्पा खाली बघत म्हणाले, "तेरा."

मी माझ्या बोटांकडे बघितलं.

"तुझी आई असती तर खोकली असती," ते म्हणाले. "दहा झाल्या की रोज खोकते ती. मला तेवढं वेळेवर जमलं नाही."

आई परत आली तेव्हा मी तिला काही विचारलं नाही. क्लबला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं होतं, तेही तिला सांगितलं नाही. सातला आम्ही तिघे बसलो. माझी पाळी आली, मी सुरू केलं. दहा झाल्यावर ती खोकली आणि मी थांबलो.