एका घरातले दोन ताप

“आधी माझं बोट टोचा, मंग लेकरायचं,” असं म्हणत ती टेबलावर हात ठेवायची.

“अहो, ताप तुम्हाला नाही.”

“मला न्हाई, पण त्यायला भेव वाटून राह्यलं ना!”

परतूरच्या दवाखान्यात मी रक्त तपासतो. तिथं तिच्यापुढं कुणाचंच काही चालत नसे, माझं तर नाहीच.

ती वाटूरला राहायची. बरोबर दोन लेकरं. मुलगा नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा. ती वारली तेव्हा तो पाळण्यात होता. धाकटी मुलगी हिच्या पोटची.

त्या वर्षी दोघांनाही एकदमच मलेरिया निघाला. मुलगी लगेच अंगणात खेळायला लागली. मुलाच्या मात्र डोक्यात ताप गेला, झटके आले, जालन्याला हलवावं लागलं. तो वाचला, पण गावानं हिचा निकाल लावून टाकला. घर एक, मच्छरदाणी एक, मग यालाच एवढं कसं? पोटच्या पोरीला गोळ्या दिल्या असतील, याच्या फेकल्या असतील! असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. माझं डोकंच फिरायचं.

मुलाला कायमचं घेऊन जायला केदारखेड्याहून त्याचा मामा आला. ती त्याला तडक दवाखान्यात घेऊन आली, दोन्ही लेकरांसकट.

“हं, आता डॉक्टरसायबासमोर बोला,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी माय-लेकरं तिघांचीही सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या एका आनुवंशिक दोषाची, तपासणी आधीच करून घेतली होती. त्यांनी मामाला शांतपणे समजावलं. हिच्या रक्तात सिकलसेलचा अंश आहे, तो मुलीत उतरलाय. आईबापांपैकी एकाकडूनच आला तर सहसा त्रास होत नाही, उलट मलेरियाला तो फार चढू देत नाही. मुलाला ते संरक्षण जन्मापासूनच नाही. गोळ्या दोघांनीही घेतल्यात, फरक रक्ताचा आहे.

मामा पक्का होता. “मंग मी दुसरं काय म्हणून राह्यलो? हा हिच्या रक्ताचा न्हाईच. चल रे, कपडे भर.”

तिला सोडवायला आम्ही गेलो आणि तिलाच अडकवून बसलो, असं वाटलं.

ती मात्र उठली.

“बराबर हाये. पोरीला माझ्या रक्तानं राखलं. ह्याला राखायला रक्त न्हाई, तर मी हाये ना! एखाद्या वक्ती पोरीला सोडून राहीन, ह्याला बिलकुल न्हाई. तुमच्याकडं ताप चढला तर ह्याला जल्दी न्यावं लागतं, हे कोन वळखनार? तुमी?”



तिनं मुलाला उचलून कडेवर घेतलं. चांगला सात-आठ वर्षांचा पोर, पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते.

“आई, चालतो ना मी,” तो लाजून म्हणाला.

“गप बस,” ती म्हणाली आणि निघाली.

मुलगी मागंच राहिली होती. मामानं तिचा हात धरला आणि तो निमूट तिच्यामागं वाटूरच्या गाडीकडं चालू लागला.