बाजाराचा वार विचारणाऱ्या बाई

कुलूप काढलं तशी भट्टीसारखी हवा तोंडावर आली. एसी बंद पडला होता. बाई न्हाणीघराच्या फरशीवर आडव्या, तोंड लालबुंद, कानाला फोन. इंग्लंडहून मुलगा विचारत होता, पुलाच्या गावाहून परतायला बस कुठली. "शेवटची पावणेपाचला. चर्चच्या मागनं. चुकवू नका," एवढं सांगून बाईंनी मान टाकली.

फोन मी घेतला. त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाई साताऱ्याकडच्या. इथे कतारला, दोह्यातल्या फरीज बिन ओमरान वस्तीत, आमच्या खालच्या मजल्यावर मुलाकडे राहायच्या. इमारतीतलं कुणीही सुट्टीला निघालं की बाईंचा एकच प्रश्न, "तिथला बाजार कुठल्या वारी?" गाव बघायचं तर बाजाराच्या दिवशी, एरवी नुसत्या भिंती दिसतात, असं त्यांचं म्हणणं.

मुलाने सुट्टीत इंग्लंडचं ठरवलं तेव्हा तिथलं एक जुनं तटबंदीचं गाव आणि भोवतालची खेडी बाईंनीच शोधली. चार महिने नातीला लॅपटॉपसमोर बसवून सगळं वाचून घेतलं. नात इंग्रजीत सांगायची, बाई मराठीत वहीत उतरवायच्या. शनिवारी चौकातला बाजार. बुधवारी किल्ला, तेव्हा गर्दी कमी. नदीकाठाने चालत पाणचक्कीच्या खेड्यात, तिथून दगडी पुलाच्या. मी म्हटलं, तटाच्या पायऱ्या झेपतील का तुम्हाला?

"बसत बसत चढेन. तट काय पळून जातोय?"

व्हिसा तिघांचा निघाला. मुलाचा, सुनेचा, नातीचा. आई हळू चालते, सगळ्यांचा दिवस मोडेल, असं मुलाने मला जिन्यात सांगितलं. वही मात्र बरोबर नेली. आणि तीही धड वाचली नाही, नाहीतर बस विचारायला फोन कशाला करावा लागला असता? "नेऊ दे. कुणीतरी बघून येईल," बाई म्हणाल्या. मला मुलाचा राग आला, बाईंचा त्याहून जास्त.

जाताना त्याने दाराला बाहेरून कुलूप घातलं. आई कोणालाही दार उघडते, म्हणे. बाईंच्या गावी दार दिवसभर सताड असायचं, ती त्यांची सवय. किल्ली माझ्याकडे दिली. सकाळी आणि दुपारी चारला मी चहा घेऊन जायची.

त्या दिवशी एसी दीडलाच बंद पडला. बाईंनी वॉचमनला फोन केला, त्याने इन्शाल्ला म्हटलं आणि विषय संपला. जुलैत इथे नळाचं पाणीही चटके देतं, म्हणून बाई फ्रिजमधल्या बाटल्या अंगावर ओतून फरशीवर पडल्या. मला फोन का केला नाही, हे मी दवाखान्यात त्या शुद्धीवर आल्यावर विचारलं.

"दोन ते चार तुम्ही झोपता."

खाटेजवळ उभी राहून मी त्यांना शिव्या घातल्या. त्यांनी ऐकून घेतल्या आणि विचारलं, "बस मिळाली का त्यांना?"

आठ दिवसांनी त्या भावाकडे गावी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मुलगा अजून चारचौघांत सांगतो, सुट्टीत आमच्यावर केवढा प्रसंग आला. तो तेव्हा दगडी पुलावर उभा होता. कुलपाच्या आत बाई होत्या. त्या वाचल्या.