अप्पांची रिकामी बंदूक

आमच्या चुलतसासऱ्यांइतका बंदुकीला भिणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल, आणि गंमत म्हणजे उदगीरकडच्या त्यांच्या गावात बंदूक होती ती एकट्या त्यांच्याच घरात. दुनळी, निजामाच्या काळातली, तेलाचा हात फिरवून फिरवून चकचकीत केलेली. त्यांना सगळे अप्पा म्हणत. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, ताटात अंडंसुद्धा वर्ज्य, आणि कपाटात बंदूक! "रानडुकरांसाठी हाय," म्हणायचे. पण त्या बंदुकीचा डुकरांना काडीचा त्रास झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. कारण बार काढायचा म्हणजे अप्पांच्या लेखी एका लग्नाची तयारी. हवेत बार काढणं नामंजूर. "वर गेलेलं खाली येतंय की वो! कुनाच्या डोस्क्यावर येतंय, तुमाला ठाव हाय?" म्हणून बार काढायचा तो मातीच्या बांधातच. त्या बांधामागं कुणी बसलंय का हे आधी स्वतः जाऊन बघायचं, चार हाका मारायच्या, परत यायचं, मग किल्ली काढायची, मग काडतूस. तोवर डुकरं भुईमूग संपवून, ढेकर देऊन निघून गेलेली असत.

लग्नानंतर पहिल्यांदा मी सासुरवाडीला गेलो तो काखेत छत्री मारून. नमस्काराला वाकलो आणि छत्रीचं टोक मागं उभ्या असलेल्या सासूबाईंकडं वळलं. "जावईबापू, टोक खाली!" अशी काही अप्पांची गर्जना झाली की मी तसाच पालथा पडायचा राहिलो. मग हळूहळू कळत गेलं, की त्या घरात टोक असलेली कुठलीच वस्तू माणसावर रोखत नाहीत. साधी बॅटरी हातात घेतली तरी अप्पांचं बोट बटणापासून लांब, ताठ. काय बघायचं ते नक्की ठरलं की मगच बोट आत. बंदूक एका खोलीत, काडतुसांची पेटी दुसऱ्या खोलीत, आणि पेटीची किल्ली अप्पांच्या कडदोऱ्याला. ती आंघोळीलाही सुटत नसे. दिवाळीत नातवाच्या टिकल्यांच्या पिस्तुलालाही हाच कायदा. पिस्तूल कोनाड्यात, टिकल्या कुलपात. बिचारं पोर तोंडानंच 'ठो' म्हणायचं, तेही जमिनीकडं बघून.

लातूर नवा जिल्हा झाला आणि परवान्याची कामं उस्मानाबादेहून तिकडं आली, तेव्हा अप्पांबरोबर मीही गेलो होतो. कारकुनानं विचारलं, "रिकामी आहे ना?" अप्पांनी नळी जमिनीकडं केली, बंदूक मधोमध उघडली आणि म्हणाले, "मी सांगतो म्हून नगा मानू, साहेब. तुमी बघा." त्यानं बघितली आणि शेजारच्या टेबलाकडं सरकवली. अप्पा लगेच म्हणाले, "आता ह्यांनी बघावं."

"अहो, आत्ताच मी पाहिली की!"

"तुमी पाहिली. ह्यांनी कुठं पाहिली?"

कचेरीत ती जितक्या हातांतून गेली तितक्यांदा तपासली गेली. शेवटी पट्टेवाल्यानं तर कुणी न सांगताच उघडून बघितली. मला हसू आवरत नव्हतं; पण खरं सांगतो, त्या सगळ्यांचे चेहरे देवळात उभं राहिल्यासारखे झाले होते.

पुढं एका वर्षी मोठा दुष्काळ आला. गावातल्या विहिरी एकामागून एक आटल्या. टँकर आला तर आला, नाहीतर नाही. पाणी उरलं ते अप्पांच्या शेतातल्या विहिरीत, तेही जेमतेम बागेपुरतं. बाग लिंबांची, अप्पांनी स्वतःच्या हातांनी लावलेली, नुकती कुठं फळाला आलेली. गावाला पाणी द्यावं तर झाडं जाणार, झाडं जगवावीत तर गाव तहानलेलं. अप्पा एकदा विहिरीकडं बघत, एकदा झाडांकडं. एका दुपारी बायाबापड्या घागरी घेऊन सरळ विहिरीवरच आल्या. आमचे सासरे, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, भलतेच तापट. ते तरातरा घरी गेले आणि बंदूकच घेऊन आले. काडतुसं अर्थातच नव्हती. मी मधे पडलो तर मला म्हणाले, "नुसती दाखवितो की. भ्यायला काय काडतूस लागतंय व्हय?" आणि त्यांनी नळी बायांवर रोखली.

एकीच्या हातातली घागर सुटून ठणाणा करत गेली. तो आवाज ऐकून अप्पा बागेतून आले. ज्या माणसानं जन्मात टिकल्यांच्या पिस्तुलासमोरून पाऊल टाकलं नव्हतं, तो माणूस सरळ चालत आला आणि नळीला छाती लावून उभा राहिला. किल्ली त्यांच्याच कमरेला होती. बंदूक रिकामी आहे हे त्या रानात त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तरी त्यांचे पाय लटलट कापत होते; मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

"अप्पा, सरका की! रिकामी हाय!" सासरे ओरडले.

"तिकडनं रिकामी हाय," अप्पा म्हणाले. "इकडं येऊन बघ. इकडनं भरलेलीच दिसती."

सासऱ्यांची मान खाली गेली आणि मागोमाग नळी. अप्पांनी बंदूक घेतली, उघडून दोन्ही नळ्या बघितल्या आणि माझ्या हातात दिली. मीही बघितल्या. मग त्यांनी स्वतः विहिरीत पोहरा सोडला आणि ती पडलेली घागर उचलून सगळ्यांत आधी तीच भरली.

बाग त्या उन्हाळ्यात वाळून गेली. पुढं घरात बाजारचं लिंबू अप्पांनी कधी येऊ दिलं नाही.

अप्पा गेले तेव्हा बंदूक ठाण्यात जमा करायला सासऱ्यांबरोबर मी गेलो होतो. हवालदारानं लिहिता लिहिता सहज विचारलं, "रिकामीच हाय न्हवं, मालक?" सासऱ्यांनी नळी जमिनीकडं केली, बंदूक उघडली आणि त्याच्या हातात दिली.

"मी सांगतो म्हून नगा मानू, साहेब," ते म्हणाले, "तुमी बघा." आणि हवालदार वाकून बघत होता तेवढ्यात ते तिथल्या बाकड्यावर बसले आणि पोरासारखे रडायला लागले.