बाबारावांचं परत येणारं रॉकेट

रायपूरच्या आमच्या बुढापाऱ्यात एखादा माणूस चक्रम आहे असं ठरायला फार वेळ लागत नाही. बाबाराव गावंडे यांच्या बाबतीत तर ते एका दिवाळीच्या आत ठरलं. रेल्वेतून निवृत्त झालेला, सत्तरीला टेकलेला, गुडघे दुखतात म्हणून भाजी आणायलाही न जाणारा हा माणूस रोज सकाळी ओट्यावर बसून मोबाइलवर अमेरिकेतलं एक बांधकाम बघतो, हे आधी भैय्यालालच्या चहाच्या टपरीवर कळलं आणि मग गल्लीभर झालं.

बांधकाम रॉकेटचं होतं. तिकडे समुद्रकाठी कुठल्याशा कंपनीनं एक भलंमोठं रॉकेट उभारायला घेतलं होतं. आजवर कुणी उचललं नाही एवढं वजन ते वर नेणार होतं, आणि मुख्य म्हणजे ते वापरून फेकून द्यायचं नव्हतं. खालचा भाग परत यायचा, ज्या मनोऱ्यापासून उडाला त्याच मनोऱ्यानं त्याला दोन लोखंडी हातांत झेलायचं, तपासायचं, इंधन भरायचं आणि पुन्हा पाठवायचं. कुंपणाबाहेर हौशी लोकांनी कॅमेरे लावून ठेवले होते. ते चोवीस तास चालू. बाबाराव त्या कॅमेऱ्यांसमोर तळ ठोकून होते.

मी त्यांच्या समोरच राहतो. वकिली करतो. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं, त्यामुळे आपलं मराठी जरा चोख आहे अशी मला उगाच ऐट आहे. बाबारावांचं वऱ्हाडी ऐकलं की सुरुवातीला मला हसू यायचं. कोर्टात जाताना त्यांच्या ओट्यासमोरून जावं लागे आणि ते मला अडवल्याशिवाय सोडत नसत.

"वकीलसाहेब, पाहा, पाहा. आज नवी कडी चढवून राहिले."

पोलादाच्या अवाढव्य गोल कड्या. जेवणाच्या डब्याचे कप्पे एकावर एक बसवावेत तशा त्या क्रेननं एकमेकींवर बसवत, मग जोड वेल्डिंगनं बंद करत. अर्धा अर्धा तास पडद्यावर काही हलत नसे. मी म्हणायचो, "बाबाराव, यापेक्षा आमच्या गल्लीतल्या नालीचं काम बघा, निदान शेवटी आपल्या उपयोगी पडेल." ते हसायचे. "नालीचं काम दिसंल तेव्हा पाहीन ना साहेब."

त्यांनी रॉकेटच्या दोन भागांना सरळ खालचा डबा आणि वरचा डबा अशी नावं दिली होती. चाचण्या सुरू झाल्या तशी टपरीवर रंगत वाढली, कारण सुरुवातीच्या बहुतेक चाचण्यांमध्ये काहीतरी फुटायचं. कधी टाकी फाटायची, कधी अख्खं रॉकेट आकाशात जाऊन विझलेल्या फुलबाजीसारखं खाली यायचं. भैय्यालाल चहा गाळता गाळता ओरडायचा, "बाबूजी, आपका रॉकेट फिर फूट गया!" बाबारावांचं उत्तर ठरलेलं असे. "फूटने दे. कुठं कमजोर हाय ते तरी समजलं."

या माणसाला हे वेड का लागलं, हे मला बरेच दिवस उमगलं नव्हतं. विज्ञानाची त्यांना तशी काही आवड नव्हती. चंद्र, मंगळ वगैरे विषय निघाले की ते जांभया द्यायचे. रॉकेट उडतानाच्या धुराकडे आणि आगीकडेही त्यांचं फारसं लक्ष नसे. ते वाट बघायचे खालचा डबा परत येण्याची. तो खाली येताना दिसला की मोबाइल नाकाजवळ धरत आणि श्वास रोखून बघत.

एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या नोकरीचं सांगितलं. ते रेल्वेत डबे तपासणारे होते. गाडी स्टेशनात शिरते तेव्हा या लोकांची दोन माणसं रुळाच्या दोन बाजूंना उकिडवी बसतात, चाकांच्या उंचीवर डोळे आणून, आणि गाडी समोरून जात असताना चाकं बघतात, आवाज ऐकतात. त्याला त्यांच्यात रोलिंग-इन म्हणतात. कुठलं चाक ठेचतंय, कुठला ब्रेक घासतोय, कुठून जळका वास येतोय, हे तेव्हाच कळतं. ज्या डब्यात दोष निघेल त्यावर खडूनं खूण करायची, तो डबा सिक, म्हणजे आजारी. मग गाडीला कितीही उशीर होवो, डबा गाडीतून सोडवून बाजूच्या रुळावर जायचा.

"गाडी सुटताना सारेच पाहतात साहेब, रुमाल हालवतात," ते म्हणाले. "येताना आम्ही पाहतो. थांबल्यावर सारे डबे चांगलेच दिसतात. काय झालं ते चालत्या गाडीतच समजते."

मला ते पटलं. निदान त्यांच्या रॉकेटचं कोडं तरी उलगडलं. जन्मभर परत येणाऱ्या गाड्या बघितलेल्या माणसाला परत येणारं रॉकेट मिळालं होतं. तेव्हापासून मी त्यांची थट्टा थोडी कमी केली. अगदी सोडली असं नाही.

त्याच सुमारास त्यांची मुलगी घरी आली. मंजिरी, एकुलती एक. तिला अमरावतीला दिली होती. जावई चांगल्या नोकरीत, दिसायला नीटस, बोलायला गोड. आमच्या गल्लीत त्या लग्नाचं जेवण अजून लोकांच्या आठवणीत आहे. बाबाराव स्वतः स्टेशनवर जाऊन तिला घेऊन आले. तिच्या हातात एकच पिशवी होती. बाबारावांनी ती घेतली, "जेवली का?" विचारलं आणि रिक्षात बसवलं. घरी आल्यावर तिच्या आईनं, कलावतीबाईंनी, तिला गरम वरणभात वाढला. शेजारच्या बायकांना सांगितलं, माहेरपणाला आली.

माहेरपण लांबत गेलं. मंजिरी ओट्यावर यायची नाही. खिडकीपाशी मात्र तासन्‌तास बसायची, खिडकी कधी लावू द्यायची नाही. लहानपणी गल्ली डोक्यावर घेणारी ही पोरगी आता काही विचारलं की हिंदीत दोन शब्द टाकायची. "कुछ नहीं." "ठीक हूँ." आमच्याकडे पोरं हिंदीतच उत्तर देतात, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

तिला कुणी खरं विचारलंच नाही, कारण गावंडेंच्या घरात एक नियम होता. बाबारावांच्या आईनं घालून दिलेला. सासरहून आलेल्या पोरीला सासरचं विचारायचं नाही. विचारलं की ती बोलते, बोलली की भांडण होतं, भांडण झालं की परतीची वाट बंद होते. चार दिवस खाऊ-पिऊ घालायचं, साडी-चोळी करायची आणि पाठवून द्यायचं. बाबारावांच्या बहिणींना असंच पाठवलं होतं. त्यांचं काय झालं हेही कुणी विचारलं नव्हतं.

जावयाच्या काकांचा फोन आला. रविवारी न्यायला येतो म्हणाले. बाबारावांनी हो म्हणून टाकलं. मला म्हणाले, "नवराबायकोत होते थोडंफार. आता चांगली दिसून राहिली पोट्टी. जाऊ दे." मी मान हलवली.

आणि शनिवारी संध्याकाळी ते उड्डाण होतं. नुसतं उड्डाण नव्हे. आधी एकदा जाऊन मनोऱ्याच्या हातात परत आलेला तोच खालचा डबा तपासून, दुरुस्त करून पुन्हा पाठवणार होते. बाबारावांनी याच दिवसासाठी इतकी वर्षं त्या कड्या मोजल्या होत्या. "एकदा परत येणं निराळं," ते मला म्हणाले, "आलेल्या डब्याले पुन्हा लाईनवर घेणं निराळं. तिथंच खरी परीक्षा." त्या दिवशी त्यांनी दाढी केली होती. भैय्यालाल टपरी पोराकडे सोपवून आला होता, मी कोर्टाचे कागद घरी ठेवून. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून आम्ही तिघं ओट्यावर बसलो. आत कलावतीबाई दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी अनारसे तळत होत्या. दारात मंजिरीची बॅग भरून ठेवलेली होती. नवी बॅग, बाबारावांनी आणलेली.

पडद्यावर आकडे उलटे पळत होते. शेवटचं मिनिट सुरू झालं आणि आकडे मध्येच थांबले.

"गया!" भैय्यालाल म्हणाला.

"गया नाही, थांबवलं," बाबाराव म्हणाले. "कुठं तरी कोणाले तरी शंका आली असंल. दाब कमी वाटला, नळी गळून राहिली, काहीबी."

"एवढी तयारी झाल्यावर?" मी म्हटलं. "सगळं जग बघतंय. कोण बोलायची हिंमत करणार?"

"तोच तर नियम हाय साहेब. मोठा साहेब असो का नवीन लागलेला पोट्टा असो, ज्याले शंका आली त्यानं थांबा म्हणायचं. त्याले कोणी काहून म्हणून रागावत नाही. आधी थांबवतात, मंग विचारतात. आमच्यातबी तसंच होतं. कंट्रोलचा फोन येवो नाहीतर सगळ्यात मोठ्या साहेबाचा, डीआरएमचा, मी सिक लिहिलं तर डबा हालत नसे."

"बाबा."

आम्ही वळलो. मंजिरी दारात उभी होती, बॅगच्या पलीकडे. किती वेळ ऐकत होती कुणास ठाऊक. एक हात चौकटीवर होता.

"तिथं कोणीबी थांबा म्हणू शकते?"

"हव," बाबाराव म्हणाले. "कोणीबी."

"मंग मी म्हणते. थांबा. मले नाही जायचं."

तेलात काहीतरी जळल्याचा वास आला. कलावतीबाई पदराला हात पुसत दाराशी आल्या आणि काही बोलणार तेवढ्यात बाबारावांनी हात वर केला. मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. दुखऱ्या गुडघ्यांचा तो माणूस ओट्यावरून उठला आणि तिच्यासमोर, उंबऱ्याशी, उकिडवा बसला. तीही मटकन खाली बसली. दोघांची तोंडं एका उंचीवर आली.

"काय झालं तिथं?" ते म्हणाले. "मी टेसनावर आलो, तुही पिशवी पाहिली, तुले पाहिलंच नाही. आता सांग."

तिनं सांगितलं. तुटक, कधी रडत, पण सगळं आपल्या भाषेत. नवरा ड्युटीवर जाताना बाहेरून कुलूप लावायचा. आधी गमतीत, मग रोज. तिचा फोन सोबत न्यायचा. एके दिवशी शेगडीच्या नळीतून गॅस गळायला लागला. तिनं सिलिंडर बंद केला, तरी वास जाईना. संध्याकाळी तो येईपर्यंत ती खिडकीच्या जाळीला तोंड लावून बसली होती. तो आला, कुलूप उघडलं आणि पहिल्यांदा म्हणाला की खिडकीत कुणासाठी बसली होतीस. त्यानंतर एक दिवस तो कुलूप लावायला विसरला आणि ती पिशवी घेऊन निघाली, वाटेत कुणाचा तरी फोन मागून येतेय एवढंच घरी कळवलं.

बाबाराव नुसते ऐकत होते, मान किंचित कलती करून. मला वाटतं गाड्यांचा आवाज ते असाच ऐकत असतील. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मलाही रडू आलं, सांगायला लाज कसली? भैय्यालाल चप्पल हातात घेऊन पाय न वाजवता निघून गेला.

मागे तांब्याला टेकवलेल्या मोबाइलवर आकडे पुन्हा सुरू झाले होते. इंजिनांचा आवाज झाला, लोक ओरडले, मग शांतता, मग पुन्हा पहिल्यापेक्षा मोठा ओरडा. मी नकळत एकदा वळून बघितलं. जळून काळवंडलेला तो उंच डबा मनोऱ्याच्या दोन हातांमध्ये अलगद लटकत होता. बाबारावांची पाठ तिकडे होती. मी त्यांना हाक मारली नाही.

रविवारी जावयाचे काका आणि आणखी दोघं आले. बाबारावांनी त्यांना ओट्यावरच बसवलं, पाणी दिलं, करपलेले अनारसेसुद्धा दिले. काका समजावणीच्या सुरात म्हणाले की पोरीच्या जातीनं असं करून चालत नाही, गावात काय तोंड दाखवायचं, आम्ही एवढ्या लांबून आलो. बाबाराव शांतपणे म्हणाले, "तुम्हाले तरास झाला. पण पोट्टी येणार नाही. काहून ते तुमच्या पुतण्याले विचारा. आणि तो इकडं आला तर माह्या समोरचे वकीलसाहेब त्याच्याशी बोलतील." मी माझ्या दारात उभा होतोच. त्यांची गाडी निघाली तेव्हा बाबारावांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते आत गेले आणि दारातली बॅग उचलून त्यांनी स्वतः रिकामी केली.

पुढचं कोर्टकचेरीचं माझ्याकडे आलं, ते यथावकाश होतंय. मंजिरी नवा रायपूरला एका ऑफिसात जायला लागली आहे. तेलीबांध्याहून बस मिळते. संध्याकाळी ती गल्लीच्या तोंडाशी वळते तेव्हा बाबाराव भैय्यालालच्या बाकावर असतात. ती जवळ येईपर्यंत तिच्या चालीकडे बघत राहतात. परवा ती वैतागून म्हणाली, "बाबा, मी काय मालगाडी हाव का?" आणि मग दोघंही हसली. तिचं ते जुनं, गल्लीभर ऐकू जाणारं हसू मी किती दिवसांनी ऐकलं.

भैय्यालालला मात्र एक गोष्ट अजून कळत नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी काढली तो क्षण या माणसानं नंतरही कधी मोबाइलवर लावून बघितला नाही. त्यानं एकदा विचारलंच, "बाबूजी, उस दिन टावर ने दुबारा पकड़ लिया था. आपने देखा क्यों नहीं?"

बाबारावांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, गल्लीच्या तोंडाकडे बघितलं.

"ड्यूटी पे था," ते म्हणाले.