आबांच्या जीपला टर्बो

लग्नानंतर दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबा मला न्यायला सासरी देवपुरात यायचे. आमच्याकडे आखाजीला लेकीला माहेरी नेण्यासाठी मुराळी यावा लागतो. तो मान खरं तर भावाचा, पण भाऊ सुरतेला नोकरीत अडकलेला, म्हणून वडीलच जीप घेऊन यायचे. माहेरी पिंपळनेरपर्यंतच्या वाटेत मी एकदा तरी म्हणायची, आबा, द्या ना मला चालवायला. आबा ऐकू न आल्यासारखं करायचे. मी पॉलिटेक्निकात पोरांना इंजिन शिकवते हे ते गावभर सांगत, पण चावीचा विषय निघाला की त्यांना एकदम शेतातली कामं आठवायची.

मग आबांचे गुडघे गेले आणि पाठोपाठ जीपचं डिझेल इंजिनही गेलं. तीन आखाज्या मी एसटीने एकटी गेले. जीप भंगारात निघाली तेव्हा मी ती हट्टाने देवपुरात ओढून आणली. हिच्यात टर्बोचं पेट्रोल इंजिन बसवायचं, आखाजीला आपण चालवत गावी जायचं आणि आबांना शेजारी बसवून फिरवायचं, एवढंच डोक्यात होतं. नवऱ्याने कपाळाला हात लावला, पण जुनं इंजिन उतरवायला तोच आला.

नवं इंजिन बसलं, सुरूही झालं. घोडं अडलं ते पेट्रोलच्या दाबाशी. टर्बो हवा दाबून आत कोंबतो. त्या हवेच्या विरोधात पेट्रोलचा फवारा मारायचा, तर पेट्रोलचा दाबही तेवढाच वाढावा लागतो. ते काम रेग्युलेटरचं, जादा पेट्रोल टाकीत परत सोडून तो दाब राखतो. त्याला हवेचा दाब कळवणारी एक बारीक नळी असते. ती काढून तिचं तोंड बुजवायचं, इंजिन आयडलवर ठेवून स्क्रूने दाब तीन बारवर आणायचा, नट आवळायचा आणि नळी पुन्हा जोडायची. वर्गात हे मी डोळे मिटून सांगते. अंगणात मात्र दाबाचा काटा पाचच्या खाली यायला तयार नव्हता. स्क्रू पूर्ण सैल केला तरी पाच. काळ्या धुराने शेजारच्या काकूंच्या कुरडया गच्चीवरून हलल्या. मी रेग्युलेटरला शिव्या घातल्या, दुसरा मागवला, तर तोही पाच. आखाजी चार दिवसांवर आली होती.

त्या संध्याकाळी कधी येतेस विचारायला आबांचा फोन आला. मी रडकुंडीला आले होते, सगळं भडाभडा बोलून गेले. त्यांना यातलं काय कळणार, असं मनात होतंच. त्यांनी एकच विचारलं.

"परत जावानी नळी केवढी शे?"

जीपचीच जुनी आहे, म्हटलं. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी, बारीक.

"मंग दाब कसा उतरी?"

डाळिंबाला ठिबक केलं त्या वर्षी आबांनी जादा पाणी विहिरीत परत सोडायला अर्ध्या इंचाचा पाइप लावला होता. व्हॉल्व पूर्ण उघडला तरी दाब उतरेना, शेतभर नळ्या निसटल्या. पाइप मोठा केला तेव्हा काटा जागेवर आला. माझ्याकडेही तेच चाललं होतं. जादा पेट्रोलला टाकीत परत जायला वाटच पुरत नव्हती. पोरांना शिकवणारी मी, आणि जुनी नळी वाचवायचा चिकटपणाही माझाच. दुसऱ्या दिवशी जाड नळी टाकली आणि काटा तीनवर येऊन थांबला. फोनवर सांगितलं तर आबा नुसते "हं" म्हणाले. पण फोनवरून का होईना, आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच इंजिनावर वाकलो होतो, आणि मला फार बरं वाटलं.

आखाजीला मी जीप माहेरच्या दारात उभी केली. सणाला भाऊही सुरतेहून आला होता. आबा काठी टेकत आले, बॉनेट उघडायला लावलं, नव्या नळीवरून बोट फिरवलं, रेस करायला सांगून आवाज ऐकला. चेहरा फुलला होता त्यांचा. मी त्यांच्यासाठी आतून डावीकडचं दार उघडलं. त्यांनी ओट्यावर जमलेल्या लोकांकडे पाहिलं.

"भाऊले बलाव. गाडी तो चालाडी."

भाऊच म्हणाला, तिची गाडी आहे, तिलाच चालवू द्या. आबा जागचे हलले नाहीत. गावादेखत लेकीने चालवायचं आणि बापाने शेजारी बसायचं, हे त्यांना जमेना. मलाही खाली उतरून चावी देणं जमेना. मी एकटीच निघाले. साक्रीच्या रस्त्याला पाय दाबला, टर्बो भरला, काटा हवेबरोबर नेमका चढत गेला. एवढं बिनचूक काम मी कधी केलं नव्हतं, आणि मला रस्ता नीट दिसत नव्हता.

आता महिन्यातून एकदा मी जीप गावी नेते. आबा ती पुसतात, नळ्या तपासतात, डावीकडचं दार उघडून सीटवरची धूळ झटकतात. क्षणभर दाराला धरून उभे राहतात. मग दार लावून घेतात.