बाहेरून लावलेली कडी

पुंडलिकनगरातल्या सुरेखाबाईंची पोरगी प्रेरणा काय काम करते, हे गल्लीत विचारायची सोय नाय. कुणी सांगेल अणुबॉम्ब, कुणी सांगेल रॉकेट. सुरेखाबाई तर भाजीवाल्याला गाडी थांबवून सांगायच्या, "पोरगी युरोपात कामाला हाय." आणि युरोपातली पोरगी मागच्या खोलीत कूलरसमोर बसलेली!

तिकडच्या प्रयोगशाळेत बारीक बारीक कणांची टक्कर लावतात. त्याची माहिती जगभरच्या कॉम्प्युटरांवर ठेवतात. कुठली फाइल पोचली, कुठली वाटेत गळाली, हे बघायची सहा महिन्यांची इंटर्नशिप प्रेरणाला मिळाली होती. घरबसल्या. ती धड पार पडली तर बाहेर शिकायला जायला जमणार होतं. दुसरी वाट नव्हती.

आता 'घरबसल्या' हे सुरेखाबाईंनी जरा जास्तच मनावर घेतलं. पहिल्या आठवड्यात वच्छलाबाई मावशी करंज्यांची ताटली घेऊन मीटिंगमध्ये घुसली आणि स्क्रीनवरच्या गोऱ्या साहेबाला म्हणाली, "तुमच्यात जेवणं झाली का?" तेव्हापासून पोरीची ड्यूटी लागली की सुरेखाबाई बाहेरून कडी लावायच्या. लक्ष उडू नये म्हणून फोनही काढून घ्यायच्या. बाथरूम खोलीतच होतं, एवढी मेहरबानी.

त्या दिवशी गारखेड्यात डोहाळजेवण. वडील वाळूजच्या कंपनीत, दुसऱ्या पाळीला. "आले तासाभरात," म्हणून सुरेखाबाई खोलीला कडी, घराला कुलूप घालून, फोन पर्समध्ये टाकून गेल्या.

साडेतीनला प्रेरणानं हरवलेल्या फाइलींवर खूण केली. करायची होती चाळिसांवर, घाईत झाली अख्ख्या चार हजारांवर. खूण झालेल्या फाइली चार वाजता आपोआप कायमच्या पुसल्या जायच्या. चांगल्या, धडधाकट फाइली! ते थांबवायचा अधिकार फक्त पाळीच्या प्रमुखाला. त्याला कळवायला ती टाइप करते न करते, तोच लाइट गेली. लॅपटॉप चालू, पण हॉलमधलं वायफाय मेलं.

दार ओढलं, बडवलं. कोण ऐकणार? मग खिडकीचे गज धरले. समोरच्या अंगणात शेजारची शाइस्ता मिरच्या वाळत घालत होती.

"शाइस्ताभाभी, तुमच्या फोनचं नेट द्या पटकन!"

"बाहर आ की गे, देती."

"बाहेरून कडी हाय."

शाइस्ता मिरच्या सोडून हसायलाच लागली. "या अल्ला! एवढी शिकलेली पोरगी, आन् कोंबडीसारखी डालून ठेवली व्हय!"

"नंतर हसा, भाभी! चार वाजायला आले. माझं सगळं जाईल."

शाइस्तानं तसाच तिखटाच्या हातानं फोन आणला, गजांना टेकवला. तीन वाजून एक्कावन्न. प्रेरणानं लिहिलं, "चूक माझी. पुसणं थांबवा."

तीन मिनिटं उत्तर नाय. मग आलं. "थांबवलं. चूक कशी झाली, कळवायला वीस मिनिटं का लागली, नोंदवहीत लिही."

ती नोंदवही जगभरातली सगळी पाळीवाली माणसं वाचतात. प्रेरणानं लिहिलं, "नेट गेलं होतं." सगळे तेच लिहितात. मग तिनं दाराकडं बघितलं, ते पुसलं आणि खरं काय ते लिहिलं: लाइट गेली होती, आई बाहेरून कडी लावते, फोन नेते.

सहाला सुरेखाबाई परतल्या. प्रेरणानं सगळं सांगितलं, नोंद वाचून पाळीच्या साहेबानं धाडलेलं उत्तर वाचून दाखवलं. काम चालू ठेव, पण यापुढं पाळीवर फोन जवळ पायजे, हा नियम.

"साहेब म्हणतोय म्हटल्यावर ठेव बाई." सुरेखाबाईंनी फोन हातात दिला. "जगभर वाचलं का गं माझं?"

"व्हय."

"नाव घातलंस?"

"नाय."

"घालायचं की मग!"

"आणि कडी, मम्मी?"

"कडीचं काय लिहिलंय त्यानं?"

"काय नाय."

"मग झालं की."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरून खाडकन कडी लागली. आत प्रेरणानं लॅपटॉप उघडायच्या आधी शाइस्ताला फोन लावला.

"काय गे?"

"काय नाय, भाभी. घरीच हाव ना तुम्ही?"