आठची गोळी घेतलीत का?

माझ्या जेवणाच्या टेबलावर तेव्हा पाच फोन मांडलेले असायचे. ताटाला जागा उरायची नाही म्हणून मी पलंगावर बसून, ताट मांडीवर घेऊन जेवायचे, आणि घरात दुसरं कुणी नसल्यामुळे त्यावरून कुणी बोलायचंही नाही. पाचही फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, एकाची काच तडकलेली. अधूनमधून त्यातला एखादा थरथरायचा आणि अक्षरं उमटायची: ‘आठची गोळी घेतलीत का?’ ते वाक्य मीच लिहिलेलं होतं आणि पाठवतही मीच होते. दिवसाकाठी माझी विचारपूस करणारे तीस-चाळीस निरोप यायचे, आणि त्यातला एकही दुसऱ्या कुणाचा नसायचा. कांदिवलीच्या त्या सहाव्या मजल्यावरच्या खोलीत आधी आधी मला याचं हसूही यायचं.

मी ज्या छोट्या कंपनीत आहे तिचं ॲप म्हाताऱ्या माणसांना औषधाची आठवण करून देतं. ठरल्या वेळी फोन वाजतो, प्रश्न येतो, खाली ‘घेतली’ असं बटण असतं. ते दाबलं की घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर तसा निरोप जातो. एवढंच. पण काही दिवसांपासून तक्रारी यायला लागल्या होत्या. ॲप उघडं असलं की सगळं झकास. ते बंद करून फोन बाजूला ठेवला की घंटी नाही. आता आठवण करून घ्यायला ॲप उघडून कोण बसेल? हा बिघाड शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण टीममध्ये शनिवारी कुठे जायचं नसलेली मीच होते. असं कुणी बोललं नाही, पण दिसत होतंच.

“यार, लोक शिव्या घालतायत,” आमचा टीम लीड सकाळच्या मीटिंगमध्ये रोज सांगायचा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे. “सर्व्हर तर म्हणतोय पाठवलं. मग जातं कुठे ते?”

“पाठवलं म्हणजे पोचलं असं नसतं ना रे,” मी म्हणायचे.

आमच्याकडून निरोप निघतो, मधल्या यंत्रणेकडे जातो, ती ‘मिळाला’ अशी पावती देते. त्यापुढे तो समोरच्या फोनवर वाजला की वाटेतच पडून राहिला, हे आम्हाला दिसत नाही. मी तक्रारींची यादी केली होती. कुठला फोन, कधीपासून बंद, शेवटचं कधी वाजलं. त्या यादीत बाराव्या ओळीत माझे बाबा होते.

बाबांनी तक्रार केली नव्हती. त्यांच्याकडून रोज सकाळी आठ वाजून पाच मिनिटांच्या आत मला येणारा ‘गोळी घेतली’चा निरोप यायचा थांबला होता, म्हणून ती ओळ मीच भरली होती. आता कुणीही विचारेल, अगं बाई, बापाला सरळ फोन का नाही लावलास? त्याचं उत्तर द्यायला मला लाज वाटते, पण देते.

बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही ते तिथल्याच चाळीत राहिले, आधी आईबरोबर, मग एकटे. आई गेली त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तिच्या वर्षश्राद्धाच्या आधीपासून मी त्यांच्या मागे लागले होते, की कांदिवलीला चला. ते नाही म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, ते पुन्हा नाही म्हणाले. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी म्हटलं, “मग तुमचं तुम्ही बघा.” ते म्हणाले, “बघतंय तां.” झालं. दोघंही एकाच मातीचे, मागे कोण हटणार? तरी रक्तदाबाची गोळी चुकायला नको म्हणून निघताना मी त्यांच्या फोनवर आमचं ॲप घालून दिलं, बटण दाबलं की मला कळेल हे समजावलं, आणि निघून आले.

तेव्हापासून आमचं बोलणं ते ॲपच बोलायचं. सणासुदीला मी फोन करायचे तेवढाच. बाकी रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी त्या निरोपाची वाट बघायचे. आला की बाबा आहेत. कामाला लागायला मोकळी. खरं सांगायचं तर त्या एका निरोपावर मी मुलगी असण्याचं कर्तव्य उरकत होते. आणि तो थांबला तेव्हा मला पहिल्यांदा काय सुचलं, तर ॲपमध्ये गडबड आहे. ते सोयीचं होतं. नाहीतर दोनच गोष्टी उरत होत्या: बाबा रागाने बटण दाबत नाहीत, किंवा दाबायला बाबा धड नाहीत. दुसरी मी मनात येऊच देत नव्हते. फोन लावला असता तर खरं काय ते कळलं असतं, आणि तेच मला नको होतं.

लहानपणी घरात मिक्सर बंद पडला की आई सांगायची, “मिक्सर बंद पडलाय.” बाबा म्हणायचे, “हे लक्षण झालं. कारण काय?” आई म्हणायची, “कारण काही का असेना, माझी चटणी राहिलीये.” त्यांच्या कारखान्यात बिघाडाची वही असायची. बिघाड, कारण, उपाय, सही असे रकाने. कारणाच्या जागी ‘बंद पडलं’ असं कुणी खरडलं तर साहेब वही परत पाठवायचा. आज मी जे काम करते ते मी त्या मिक्सरपाशीच शिकले. म्हणून मी पाच फोन घेऊन कारण शोधत बसले. फोन झोपवला, उठवला. बॅटरीची बचत चालू केली, बंद केली. तरी कधी घंटी वाजायची, कधी नाही, आणि मेळ लागत नव्हता. सकाळचे आठ वाजून पाच व्हायचे, सव्वाआठ व्हायचे, आणि माझ्या स्वतःच्या फोनवर काही यायचं नाही. मी पुन्हा त्या पाच फोनांकडे वळायचे.

बाबांचा निरोप थांबल्याच्या अकराव्या दिवशी, दुपारी, मेळ लागला. तडकलेल्या काचेच्या फोनवर अचानक सूचना आली, की हे ॲप तुमच्या नकळत चालू आहे आणि बॅटरी खातंय. खाली बटण होतं, ‘सक्तीने थांबवा’. मी ते दाबलं. त्यानंतर कितीही निरोप पाठवले तरी तो फोन हूं की चूं करेना. ॲप हाताने पुन्हा उघडेपर्यंत त्याच्यासाठी आम्ही मेलेलेच होतो. लोक फोनचं ऐकत होते आणि आमचं ॲप थांबवून मोकळे होत होते. कोड धड होता. आता माणसांना समजावायचं होतं, की हे थांबवू नका.

“सही है!” टीम लीड म्हणाला. “सगळ्या तक्रारी क्लोज करून टाक.”

पण आमच्याकडे नियम आहे. तक्रार बंद करायच्या आधी त्या माणसाला फोन करायचा, त्याच्याकडून करून घ्यायचं, घंटी वाजली हे त्याच्या तोंडून ऐकायचं. मी एकेक ओळ घेत गेले. बोरिवलीच्या आजी, मुलुंडचे काका, घाटकोपरच्या एक बाई. सगळ्यांशी मी गोड बोलले. त्यांना गोळ्या लागतात का, जेवणं झाली का, तेसुद्धा विचारलं. मग बारावी ओळ आली.

मी नंबर लावला. ‘आपण संपर्क करत असलेला फोन बंद आहे.’ पुन्हा लावला. तेच. तिसऱ्यांदाही तेच. अकरा दिवस ज्या माणसाला मी बाराव्या ओळीत घालून ठेवलं होतं, तो माणूस अकरा दिवस कसा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पायात मिळेल ती चप्पल घालून मी खाली आले आणि रिक्षावाल्याला म्हटलं, विक्रोळी. तो म्हणाला लांब पडेल. मी नुसतीच आत बसले. हायवे, जोडरस्ता, पवई, सगळीकडे सिग्नल लागला, आणि मी नवस बोलत होते. मी नवस बोलणाऱ्यातली नाही.

चाळीत दार उघडंच होतं. बाबा खाटेवर बसून टेबलफॅनची जाळी कपड्याने पुसत होते.

“इलंस?” ते म्हणाले. मग माझ्या पायांकडे बघितलं. दोन पायांत दोन जोडांच्या चपला होत्या. “काय गो, काय झाला?”

“फोन का बंद तुमचा?” मी ओरडलेच. दारातच रडू फुटलं.

“चार्जिंगला लावलाय. चार्जिंगला लावला की बंद करतंय मी. माका काय धाड भरली?”

त्यांनी पाणी दिलं. मी ते प्यायले. मग मी त्यांचा फोन चालू करून बघितला, आणि बाराव्या ओळीचं कारणही तेच निघालं. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की बाबा फोन घेऊन बसायचे आणि एकेक ॲप सक्तीने थांबवायचे. अकरा दिवसांपूर्वी फोननेच त्यांना तसं सुचवलं होतं, आणि त्यांना ते लगेच पटलं होतं.

“पाळी संपली की मशीन बंद करून जायचा,” ते म्हणाले. “जवळ माणूस नाय आणि मशीन चालू, त्यातून अपघात होतत. आम्ही कुणाक तसा करूक नाय दिला.”

“आणि सकाळी घंटी वाजली नाही, तर मला विचारलं का नाही?”

बाबा जाळी पुसत राहिले. “म्हटला, तुका कंटाळा इलो असात. तू बंद केलंस असात.”

अकरा दिवस मी तिकडे आणि ते इकडे, दोघंही एकमेकांच्या गप्प राहण्याचा अर्थ लावत बसलो होतो. “मी कशाला बंद करेन, बाबा?” मी म्हटलं.

ते उठले आणि फळीवरून एक लांबट वही घेऊन आले. पट्टीने आखलेले रकाने. तारीख, गोळी, घंटी, लेक. गोळी एकही दिवस चुकली नव्हती. रोज वेळ आणि बारीक सही. घंटीच्या रकान्यात बरोबरच्या खुणा होत्या, आणि शेवटचे अकरा दिवस ‘नाही’. लेकीच्या रकान्यात आडव्या रेघा. मी पानं मागे उलटत गेले. रेघ, रेघ, रेघ. मध्येच एका जागी ‘गणपती, फोन, ४ मिनिटं’. पुन्हा रेघा.

बाबांनी कोरं पान काढलं, त्यावर चार रकाने आखले आणि पेन माझ्या हातात दिलं. “बिघाड तू शोधलंस. नोंद तू कर.”

मी लिहिलं. बिघाड: आठची घंटी वाजत नाही. कारण: ॲप रोज थांबवलं जात होतं.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. वही माझ्यापुढे सरकवली.

“हे लक्षण झालं,” ते म्हणाले. “कारण लिही.”

शेजारच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, ‘मी फोन करत नव्हते.’ बाबांनी ते वाचलं, मान हलवली आणि खाली सही केली. उपायाचा रकाना मी भरायला गेले तर त्यांनी वही काढून घेतली.

“तो आता नाय. मशीन आठ दिवस नीट चालला की मग भरूचो.”

संध्याकाळी परत निघताना मी त्यांचं ॲप काढूनच टाकलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला मी फोन करायला लागले. बोलायला फार काही नसायचं. गोळी घेतली, पाणी आलं, जेवायला काय करणार. सहा दिवस नेमाने झाले. सातव्या सकाळी आमची नवी आवृत्ती बाहेर पडणार होती, मीटिंग लांबली, आणि घड्याळात बघितलं तर सव्वानऊ. पाचही फोन टेबलावर पसरले होते. मी माझा उचलला.

“चुकलं, बाबा,” मी म्हटलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. मला पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. “परत एकपासून मोजूया.”